काकडू आणि मेरी नदीची पाणथळ : कॅरॅव्हॅनने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काकडू राष्ट्रीय उद्यान आणि मेरी नदीचा हा भाग ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतला, डार्विनच्या पूर्वेचा. डार्विन, हम्प्टी डू, मेरी नदी, जबिरू, कूइंडा, पाइन क्रीक आणि परत डार्विन असा साधारण ७०० किलोमीटरचा फेरा धरून खालची उत्तरं दिली आहेत.

कॅरॅव्हॅन म्हणजे नेमकं काय? मोटरहोमला हेच लागू पडतं का?

इथे कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. स्वतःचं इंजिन असतं ते मोटरहोम. वजन, जोडणी आणि डुलण्याबद्दलचे प्रश्न ओढणाऱ्यांसाठी आहेत, बाकी सगळं दोघांसाठी. मोटरहोमची अडचण एकच, पण मोठी: मुक्कामाला घर ठेवून नुसती गाडी घेऊन बाहेर पडता येत नाही. काकडूत तसं बाहेर पडावंच लागतं.

फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच का?

मुख्य रस्त्यांसाठी नाही. आर्नहेम हायवे, काकडू हायवे, उबिर आणि बुरुंगकुय (जुनं नाव नूरलांजी) या खडकचित्रांच्या ठिकाणांचे रस्ते आणि कूइंडाचा फाटा, सगळीकडे डांबर आहे. साध्या गाडीमागे साधी कॅरॅव्हॅन लावून हा फेरा होतो.

जिम जिम आणि ट्विन फॉल्स या धबधब्यांचं प्रकरण वेगळं. काकडू हायवेपासून आधी पन्नासेक किलोमीटर कच्चा रस्ता, मग शेवटचे दहा किलोमीटर निव्वळ वाळू आणि दगड. या शेवटच्या टप्प्यात कॅरॅव्हॅनला बंदी आहे. ट्विन फॉल्सच्या वाटेवर जिम जिम क्रीक हा ओढा ओलांडताना पाणी इतकं खोल असतं की स्नॉर्कल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी) नसलेली गाडी घालूच नये. आधीच्या कच्च्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन नेणारे भेटतात, आणि परतताना त्यांच्या कपाटांची दारं दोरीने बांधलेली दिसतात. आमचं मत सरळ आहे: डांबर संपलं की कॅरॅव्हॅनही थांबवा. ती कूइंडाला ठेवा आणि गाडी घेऊन दिवसभरात जाऊन या. भाड्याची असेल तर करार आधी वाचा. बऱ्याच करारांत कच्चा रस्ता आणि अंधारात गाडी चालवणं, दोन्ही वर्ज्य असतं.

कधी जावं?

बाहेरचे लोक दोन ऋतू मोजतात, कोरडा आणि ओला. इथले मूळ रहिवासी बिनिंज सहा मोजतात, आणि कॅरॅव्हॅनवाल्याला तेच कॅलेंडर जास्त उपयोगी आहे.

गुजेवग, म्हणजे जानेवारी ते मार्च, हा भर पावसाळा. पूरमैदानं भरून वाहतात, रस्ते कधीही बंद होतात. हा काळ कॅरॅव्हॅनचा नाही. एप्रिलच्या आसपास बांगेरेंग येतो. तेव्हाची वादळं माणसाएवढं वाढलेलं गवत आडवं करतात. येगे, मे ते जूनचा, हवा सुखावते पण काही फाटे अजून उघडलेले नसतात. जून ते ऑगस्ट वुर्गेंग. दुपारी तापमान तिशीच्या थोडं वर, रात्री पातळ पांघरूण लागेल इतपत गारवा. गर्दीही याच दिवसांत. मग ऑगस्ट ते ऑक्टोबरचा गुरुंग, तापलेला आणि कोरडा. पाणी आटत जातं तसे पक्षी उरलेल्या डोहांवर गोळा होतात. शेवटी गुनुमेलेंग, पावसाआधीचा कोंदट उकाडा. त्या दिवसांत विजेची जोडणी आणि एसी नसेल तर कॅरॅव्हॅनमध्ये झोप लागत नाही.

पक्षी बघायचे असतील तर सप्टेंबर, सुखात राहायचं असेल तर जून-जुलै. धबधब्यांचं गणित उलटं आहे. जिम जिम भरभरून कोसळतो तेव्हा रस्ता पाण्याखाली असतो आणि धबधबा फक्त विमानातून दिसतो. रस्ता उघडतो साधारण जूनमध्ये, पाणी उतरून मगरींची पाहणी झाल्यावर. कोरड्या ऋतूच्या अखेरीस कड्यावरून थेंबही पडत नाही.

प्रवेश शुल्क किती? परवाने कोणते?

काकडूचा पास ऑनलाइन मिळतो आणि सात दिवस चालतो. प्रौढांसाठी १५ मे ते ३१ ऑक्टोबर ४० ऑस्ट्रेलियन डॉलर, उरलेल्या महिन्यांत २५. दर बदलू शकतात, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. उद्यानाच्या कॅम्पग्राउंडचे पैसे वेगळे.

ईस्ट ॲलिगेटर नदीपलीकडे आर्नहेम लँड सुरू होतो. ती आदिवासींची स्वतःची जमीन आहे आणि तिथे पाय ठेवायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो. तो आयत्या वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका. ड्रोनला परवानगीशिवाय मनाई. कुत्रा-मांजर उद्यानात आणता येत नाही, कॅरॅव्हॅनमध्ये बंद ठेवूनही नाही.

वजनाचा हिशेब कसा करायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कॅरॅव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे बघा: रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन, आणि भरलेल्या कॅरॅव्हॅनची कमाल मर्यादा, जिला तिथे एटीएम म्हणतात. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या सामानाची मुभा. समजा रिकामं वजन २,००० किलो आणि एटीएम २,५००. हातात ५०० किलो आले. ८० लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या भरल्या की १६० गेले. ९ किलो गॅसचे दोन सिलिंडर, लोखंडासकट ३६ किलो. नंतर बसवलेली बॅटरी, सावलीचं छत, सायकलींचा स्टँड यांचे शंभर सहज होतात. भांडी, कपडे, शिधा, खुर्च्या, हत्यारं यांना उरले दोनशे.

दुसरा आकडा म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर (टो-बॉलवर) पडणारा भार. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास तो असावा. तो कमी पडला की मागचं टोक हेलकावे खायला लागतं. पाण्याची टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरल्यावर गोळ्यावरचा भार कमी होतो. त्यामुळे घरून निघताना नीट चाललेली कॅरॅव्हॅन टाकी भरल्यावर अचानक डुलायला लागते आणि दोष वाऱ्याला दिला जातो. जड वस्तू जमिनीलगत, चाकांच्या वर ठेवा. मागच्या बंपरवर जेरीकॅन टांगू नका.

गाडीचीही मर्यादा असते: गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन, ज्याला जीसीएम म्हणतात. ‘३,५०० किलो ओढते’ असं लिहिलेली गाडी चार माणसं आणि टपावर सामान असताना बऱ्याचदा तेवढं कायदेशीरपणे ओढू शकत नाही. डार्विन सोडण्याआधी वजनकाट्यावर घालून बघा.

जोडणी करताना काय तपासायचं?

क्रम ठरवा आणि तो मोडू नका. गाडी मागे घ्या, कॅरॅव्हॅनच्या नाकावरचं कपलिंग गाडीच्या गोळ्यावर बसवा, खटका लावा. आता पुढच्या चाकाच्या जॅकने कॅरॅव्हॅनचं नाक थोडं उचलून बघा: गाडीची मागची बाजूही सोबत उठली तरच कपलिंग खरं बसलंय. नुसता खटका पडल्याच्या आवाजावर विसंबू नका, गोळ्याच्या कडेवर टेकलेलं कपलिंगही तसाच आवाज करतं. मग साखळ्या, नाकाखाली एकमेकींना छेदून. २,५०० किलोपेक्षा जास्त एटीएमला दोन साखळ्या बंधनकारक आहेत. मग विजेचा प्लग आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची तार. पुढचं चाक वर करून घट्ट आवळा. हँडब्रेक सोडा. शेवटी एकजण मागे उभा राहून ब्रेक आणि इंडिकेटरचे दिवे बघतो, मग पायरी, अँटेना, छताच्या खिडक्या आणि गॅसचा कॉक.

चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर पन्नास आणि मग शंभर किलोमीटरवर नट टॉर्क पान्याने आवळा. अलॉय चाकांवर हे टाळूच नका.

वाटेत थांबल्यावर हबला हात का लावतात?

हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्यातलं बेअरिंग बिघडतंय का, ते असंच कळतं. थांबल्यावर चारही हबना पालथ्या हाताने स्पर्श करा. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एकच हब हात टेकवणार नाही इतका तापला असेल तर बेअरिंग ग्रीसवाचून चाललंय किंवा त्या चाकाचा ब्रेक घासतोय. चाक उचलून फिरवा. खरखर आली तर बेअरिंग, अडखळलं तर ब्रेक. काही न करता पुढे गेलात तर शंभरेक किलोमीटरमध्ये चाक निखळू शकतं. बेअरिंगचा एक संच, सील, ग्रीस आणि स्प्लिट पिना बरोबर असाव्यात. जबिरूला नेमक्या मापाचं बेअरिंग मिळेलच असं नाही.

पाण्यातून गेल्यावर हीच तपासणी पुन्हा. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे. पाण्याच्या अलीकडे पाच-दहा मिनिटं थांबा, हब निवू द्या. पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवा.

कॅरॅव्हॅन डुलायला लागली तर?

पाय एक्सलरेटरवरून काढा, स्टीअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं वजन गाडीला ढकलतं आणि डुलणं वाढतं. कळ कुठे आहे हे डोळे रस्त्यावर ठेवून हाताला सापडलं पाहिजे. निघण्याआधी मोकळ्या मैदानात दोनदा दाबून बघा.

रोड ट्रेनला ओव्हरटेक कसं करायचं?

शक्यतो करू नका. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तो १०० च्या वेगात आणि तुम्ही ११० च्या, तर त्याची लांबी, तुमची लांबी आणि पुढे-मागे सोडायचं अंतर मिळून पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात तुम्ही जवळजवळ १,४०० मीटर जाता आणि समोरून येणारी गाडीही तितकंच अंतर कापते. म्हणजे जवळपास तीन किलोमीटर रिकामा रस्ता दिसायला हवा. त्यापेक्षा थांबून चहा करा.

उलटी वेळ येते तेव्हा, म्हणजे ट्रक तुम्हाला गाठतो तेव्हा, आपली लेन आणि वेग कायम ठेवा. तो शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. यूएचएफ रेडिओ असेल तर ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले असतात. ‘मागे आहेस ते दिसतंय, रस्ता मोकळा झाला की पुढे जा’ इतकं सांगितलं तरी पुरतं.

टेरिटरीत काही हायवेंवर १३० च्या पाट्या आहेत. कॅरॅव्हॅन ओढताना ९० ते ९५ पुरे, डिझेलही वाचतं. आणि संध्याकाळी पाचनंतर मुक्कामाला असा. वॉलबी, रानघोडे आणि म्हशी अंधार पडताना रस्त्यावर येतात. म्हशी एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेल्यांचे वंशज. काळी म्हैस काळ्या डांबरावर दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

डिझेल आणि पाणी कुठे भरायचं?

डार्विन ते जबिरू साधारण २५५ किलोमीटर, जबिरू ते पाइन क्रीक दोनशेहून थोडे जास्त, तिथून डार्विन सव्वादोनशेच्या आसपास. उद्यानात भरवशाची ठिकाणं दोन, जबिरू आणि कूइंडा. मोठी कॅरॅव्हॅन ओढणारी गाडी शंभर किलोमीटरला १६ ते २० लिटर पिते. अठरा धरले तर अख्ख्या फेऱ्याला सव्वाशे लिटरच्या घरात, आणि उबिर-जिम जिमचे फेरे वेगळे. टाकी अर्धी झाली की भरा.

प्यायचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, उकाड्यात जास्त. धुण्या-भांड्यांचं वेगळं. बर्डुल्बा आणि मालाबांजबांजजु या साध्या कॅम्पग्राउंडवर शौचालयापलीकडे सोय नाही, पाणी बरोबर हवं.

मुक्काम कुठे?

विजेची जोडणी, दुकान, पोहण्याचा तलाव हवा असेल तर जबिरू किंवा कूइंडाचं कॅरॅव्हॅन पार्क. जून-जुलैत जागा आधीच धरा. उद्यानाच्या कॅम्पग्राउंडपैकी मार्दुगल कूइंडाजवळ आहे आणि मोठ्या कॅरॅव्हॅनला सोयीचं. मर्ल उबिरपासून अगदी जवळ, पण तिथले डास प्रसिद्ध आहेत. दिवस मावळल्यावर जाळीचं दार दोन सेकंद उघडं राहिलं तरी रात्रभर भोगावं लागतं. मर्लला राहायचं ते उबिरच्या सूर्यास्तासाठी: नादाब टेकाडावरून पूरमैदान तांबूस होताना बघून अंधारात फार गाडी हाकावी लागत नाही. उबिरच्या वाहनतळावर लांब कॅरॅव्हॅन वळवणं कठीण, ती आधीच मर्लला सोडा.

मेरी नदीच्या भागात शेडी कॅम्पला मच्छीमारांची वर्दळ असते. तिथे बांध घालून खारं आणि गोडं पाणी वेगळं केलंय, आणि मगरी भरपूर आहेत. डार्विनजवळचा फॉग डॅम फक्त बघण्याचा, तिथे मुक्काम नाही. भिंतीवर मगरींमुळे पायी चालायला बंदी आहे, आणि भिंत अरुंद असल्याने कॅरॅव्हॅन त्यावर नेऊ नका.

मगरींची भीती खरी आहे की उगाच?

खरी आहे. काकडूत खाऱ्या पाण्यातल्या आणि गोड्या पाण्यातल्या अशा दोन्ही जाती आहेत. पहिलीचं नाव फसवं: ती समुद्रापासून दूर, गोड्या डोहातही राहते. टेरिटरीत तिची शिकार १९७१ साली बंद झाली, त्यानंतर संख्या भरून आली. गंमत म्हणजे या नद्यांना ॲलिगेटर म्हणतात, पण ॲलिगेटर, म्हणजे मगरीचा जवळचा पण वेगळा प्राणी, इथे एकही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या फिलिप पार्कर किंगने मगरींनाच ॲलिगेटर समजून नाव ठेवलं, ते चिकटलं.

मुक्काम पाण्यापासून किमान ५० मीटर दूर. मासे पकडताना काठापासून पाच मीटर मागे. मासे साफ करून राहिलेली घाण काठावर टाकू नका, आणि रोज एकाच जागी पाणी भरायला जाऊ नका. मगर रोजची सवय हेरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती तिथे आधीच असते, पाण्याखाली, आणि पाणी स्थिर दिसतं. ‘काल इथे लोक पोहत होते’ याला काही अर्थ नाही.

ईस्ट ॲलिगेटर नदीतून गाड्या ओलांडायची जागा, केहिल्स क्रॉसिंग, हे बघायचं ठिकाण आहे, उतरायचं नाही. भरतीचं पाणी सिमेंटच्या पट्टीवरून आत यायला लागलं की मासे त्यासोबत येतात आणि मगरी पट्टीला ओळीने तोंड लावून उभ्या राहतात. वरच्या प्लॅटफॉर्मवरून हे नीट दिसतं. २०१७ च्या जानेवारीत पायी ओलांडणाऱ्या एकाचा मगरीने जीव घेतला. गाड्याही वाहून जातात, कारण लोक खोलीची पाटी वाचतात पण भरतीचं वेळापत्रक बघत नाहीत. कॅरॅव्हॅन घेऊन तर हा प्रयोग करूच नका.

फ्रिज नीट थंड करत नाही. बिघडलाय का?

बहुधा नाही. गॅस, १२ व्होल्ट आणि २४० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज उष्णतेवर चालतो. बाहेर ३५ अंशांवर गेलं की त्याची दमछाक होते. तो पाणसळीत नसला तरीही थंडावा कमी पडतो. १२ व्होल्टवर तो आहे तेवढी थंडी टिकवतो, नवी फारशी करत नाही. फ्रिजची बाजू सावलीत येईल अशी कॅरॅव्हॅन लावा, मागच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, गरज पडली तर तिथे छोटा पंखा बसवा. आणि गरम बाटल्या एकदम भरू नका.

कॉम्प्रेसरचा फ्रिज उष्णतेला दाद देत नाही पण बॅटरी खातो, उकाड्यात दिवसाला ६० ते ८० अँपिअर-तास. २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर फ्रिज, दिवे आणि पंखा दोन दिवस निघतात. त्याच बॅटरीवर एसी लावला तर जेमतेम दोन तास. कॅरॅव्हॅन पार्कमधला सॉकेट १५ अँपिअरचा असतो, त्याची अर्थिंगची पिन रुंद. घरगुती १० अँपिअरची वायर जोडायचा जुगाड करू नका, ती तापते.

फोन लागतो का?

जबिरू आणि कूइंडाच्या आसपास, तोही मुख्यतः टेल्स्ट्रा कंपनीचा. मधल्या टप्प्यांत काही नाही. नकाशे उतरवून घ्या. आणीबाणीचा क्रमांक ०००. जिम जिमकडे जाणार असाल तर ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) घ्या. रस्ते उघडे की बंद, ते टेरिटरी सरकारच्या रोड रिपोर्टवर आणि उद्यानाच्या पानावर रोज सकाळी, निघण्याआधी बघा. उबिरचा रस्ता डांबरी असूनही मगेला क्रीकला पाणी चढलं की बंद होतो.

रस्त्याच्या कडेला जंगल पेटलेलं दिसलं. कुणाला कळवायचं?

मे ते जुलैमध्ये मंद, गुडघाभर उंचीची, गवत खात जाणारी आग दिसली तर ती बहुतेक मुद्दाम लावलेली असते. हजारो वर्षांची पद्धत आहे: हंगामाच्या सुरुवातीला थोडं थोडं जाळलं की ऑक्टोबरमध्ये मोठा वणवा पेटत नाही. काचा वर करा, दिवे लावा, धुरात थांबू नका. झाडांच्या शेंड्यांपर्यंत ज्वाळा जात असतील तर मागे वळा आणि पार्कच्या कार्यालयाला कळवा.

औषधं आणि आरोग्याचं काय?

डासांमधून रॉस रिव्हर विषाणूचा ताप येतो, सांधे महिनोन्‌महिने धरतात. लांब बाह्या आणि डीईईटी (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, विशेषतः संध्याकाळी. पावसाळ्यात ओल्या चिखलातून मेलिऑइडोसिसचा जंतू जखमेवाटे शिरतो. मधुमेह्यांना त्याचा धोका जास्त, त्यांनी पायात बूट घातल्याशिवाय ओल्या मातीत उतरू नये.

परत करताना कॅरॅव्हॅन खालून का धुवायची?

तणांसाठी. मिमोसा पिग्रा, साल्व्हिनिया, पॅरा गवत आणि गांबा गवत या परक्या वनस्पतींनी पाणथळी आणि माळरानं गिळायला घेतली आहेत. चिखलासोबत बिया चॅसिसच्या कोनाड्यांत, मडगार्डच्या मागे आणि पायरीच्या सांध्यात अडकतात. बोटीचा ट्रेलर असेल तर गुंडाळलेली पट्टी आणि रोलरही बघा. एका डोहातून दुसऱ्यात जाण्याआधीच धुवा, फक्त फेरा संपल्यावर नाही. आणि कॅसेट टॉयलेट (काढता येणाऱ्या टाकीचं शौचालय) फक्त ठरवून दिलेल्या डंप पॉइंटवरच रिकामं करा. उकाड्यात ते दोन दिवसांपेक्षा जास्त भरलेलं ठेवलं तर आत झोपणारे स्वतःहूनच जागा शोधायला लागतात.